पैनगंगेकाठचे पशुवैद्यकीय लेखन

जनावरांच्या रोगांविषयी आणि औषधांविषयी लिहिणे हेच ज्याचे पूर्णवेळ काम आहे, असा माणूस आज मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील औषधकंपनीत नोकरीस असतो; नव्या औषधाच्या चाचणीचा आराखडा, चाचणीनंतरचा अहवाल, परवान्यासाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे सादर करावयाची कागदपत्रे, डॉक्टरांना द्यायची माहितीपत्रिका आणि बाटलीवरील मजकूर ही सारी त्याचीच जबाबदारी असते. वैद्यकीय लेखन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशाची अमेरिकेतील संघटना १९४० साली स्थापन झाली, आणि पशुवैद्यकीय लेखन ही त्याची धाकटी शाखा मानली जाते. लेखनाचा हा व्यवहार मात्र पेशापेक्षा पुष्कळ जुना आहे. नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या, पैनगंगेच्या काठावरच्या शेतीप्रधान तालुक्यावर नजर ठेवून त्याचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट शतकानुशतके टिकून राहिलेली दिसते: लिहिणाऱ्याचा खर्च ज्याने सोसला, त्याच्याच जनावराविषयी आणि त्यालाच वाचता येईल अशा भाषेत लिहिले गेले, दावणीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याची पाळी सर्वांत शेवटी आली, आणि ती आली तेव्हाही त्याच्यासाठी लिहिणे हे बहुतांशी नोकरी सांभाळून केलेले जोडकामच राहिले.

या प्रदेशाशी निगडित असलेला सर्वांत जुना मोठा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, लातूरच्या सीमेपासून जवळच. आणि देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे पाहिली म्हणजे या घराण्याचा नांदेड भागाशी किती निकटचा संबंध होता हे वेगळे सांगावे लागत नाही. राजाने काय जाणावे आणि कशाचा उपभोग घ्यावा याचा हा ज्ञानकोश असल्याने त्यात हत्ती आणि घोडे यांची लक्षणे, जाती, शिक्षण आणि जोपासना यांना भरपूर जागा मिळाली आहे. यामागे शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची आणि पालकाप्याच्या नावाने चालत आलेली गजवैद्यकाची संस्कृत परंपरा होती. गाईबैलांची चिकित्सा संस्कृतात अजिबात नाही असे नव्हे. अग्निपुराणात गवायुर्वेदावर एक अध्याय आहे. पण घोड्याला आणि हत्तीला स्वतंत्र ग्रंथ मिळाले आणि ज्या जनावराच्या खांद्यावर राज्याचा सारा वसूल उभा होता त्याला एखादा अध्याय मिळाला, ही विभागणी राजाच्या दृष्टीने स्वाभाविकच होती, कारण लढाईत बैल कामाचा नव्हता. पुढे बहमनी राजवटीत अहमदशाह वली या सुलतानासाठी अब्दुल्ला इब्न सफी याने शालिहोत्राचे फारसी भाषांतर केले. भाषा बदलली, धर्म बदलला, तरी विषय घोडाच राहिला, आणि घोड्यांवर उपचार करणाऱ्याला दख्खनच्या फौजांत ‘सलोत्री’ हे त्या जुन्या आचार्याच्या नावावरून आलेले नाव मिळाले.

एकोणिसाव्या शतकातही लेखनाचा रोख आधी लष्करी जनावरांकडेच होता. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. तिच्या घोडदळाला, तोफखान्याला आणि सामानवाहतुकीला घोडे, खेचरे आणि बैल लागत. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, जी मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते आणि जिथे आजही घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी बैल यांचा बाजार होतो, ती या भागातील जनावरांच्या व्यापाराची मोठी पेठ होती. पुण्यात १८६२ साली लष्करासाठी पशुवैद्यकीय शिक्षण सुरू झाले. गोठ्यातल्या गुरांकडे सरकारचे लक्ष वळले ते त्यानंतर, आणि तेही साथींमुळे. १८६९ साली नेमलेल्या भारतीय गुरेसाथ आयोगाने, ज्याचे अध्यक्ष मुंबई लष्करातील पशुवैद्य जे. एच. बी. हॅलन हे होते, १८७१मध्ये अहवाल दिला. नांगर ओढणारा बैल मेला म्हणजे पेरणी बुडते आणि पेरणी बुडाली म्हणजे सारा बुडतो, हा हिशेब सरकारला तोवर उमगला होता. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याच्याच आधाराने मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; १८८९मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शाही जिवाणूशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि चारच वर्षांत ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. या सर्व ठिकाणी लिहिले जाई ते इंग्रजीत, आणि वाचणारेही खात्यातलेच असत. १९२४ साली मद्रासहून निघू लागलेले ‘इंडियन व्हेटर्नरी जर्नल’ हे देशी पशुवैद्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेले नियतकालिक, आणि म्हणून त्याचे मोल मोठे आहे. पण तेही पशुवैद्याने पशुवैद्यासाठी लिहिलेले होते.

हदगावचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता, कारण हा तालुका इंग्रजी मुलखात नव्हता. पैनगंगेच्या दक्षिणेस निजामाचे राज्य आणि उत्तरेस उमरखेडच्या बाजूला १८५३च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला वऱ्हाड, अशी ही नदी जवळजवळ शतकभर दोन राजवटींची शीव होती. वऱ्हाडात तालुक्याच्या कचेरीत मराठी चाले. निजामाच्या मुलखात १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि तहसिलीतला कागद उर्दूत लिहिला जाऊ लागला. दोन्ही काठांवरचा शेतकरी मात्र मराठीच बोलत होता, सोयरिकी नदी ओलांडून होत होत्या आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की गुरेही उतारातून पलीकडे चरायला जात होती. साथीला शीव ठाऊक नव्हती. गावात बुळकांडी शिरली, म्हणजे पाटील आणि पटवारी यांच्यामार्फत खबर वर जायची. ज्या शेतकऱ्याने जनावराची लक्षणे डोळ्यांनी पाहिली त्याचे मराठी बोलणे वाटेत उर्दू होई, आणि त्याच रोगाची पलीकडच्या काठावरची खबर मराठीतून इंग्रजीत जाई. एकाच नदीच्या दोन काठांवरच्या एकाच साथीचे दोन कागद असे कधीही एकत्र न येणाऱ्या दोन दप्तरांत जमा होत राहिले. हैदराबादेत १९१७ साली स्थापन झालेल्या दारुल तर्जुमा या भाषांतर संस्थेने आणि पुढच्याच वर्षी उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकासह आधुनिक शास्त्रे उर्दूत आणण्याचे जे काम केले, ते देशी भाषेतील शास्त्रीय लेखनाच्या इतिहासातले अत्यंत धाडसी काम आहे आणि त्याला द्यावा तेवढा मान कमीच. पण हदगावच्या मराठी शेतकऱ्यापर्यंत त्याचा लाभ पोचण्यास वाव नव्हता.

शेतकऱ्याकडे तोवर ग्रंथ नसला तरी ज्ञान नव्हते असे नाही. घसा सुजून जनावर घुरघुरू लागले की घटसर्प. मांडीचा फरा सुजून दाबल्यावर चरचर आवाज आला की फऱ्या. तोंडातून लाळ गळून खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या की खुरकूत. ताप येऊन जनावर आखडले आणि तीन दिवसांत आपोआप सावरले की तिवा. आणि डोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण व दुर्गंधीयुक्त ढाळ अशा लक्षणांनी गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी. प्रयोगशाळेतील निदानाशी ही नावे बहुतेक वेळा जुळतात, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. उपचाराच्या बाजूला मात्र डाग देणे, म्हणजे तापवलेल्या लोखंडाने कातडी भाजणे, यासारखे क्रूर आणि निरुपयोगी प्रकार होते, आणि त्यांना आळा घालू शकेल असे मराठीतले छापील शब्द गावात पोचत नव्हते.

सप्टेंबर १९४८मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखाने गावपातळीवर उतरले. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी आणि श्रेणी दोनच्या दवाखान्यात पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक, अशी रचना हळूहळू रुळली. दवाखान्यातील बाह्यरुग्ण नोंदवही हे मराठवाड्यातील पशुवैद्यकीय लेखनाचे सर्वांत विपुल आणि सर्वांत दुर्लक्षित रूप आहे. तिच्या एका आडव्या ओळीत तारीख, पशुपालकाचे नाव, गाव, जनावराचा प्रकार, वय, रंग, लक्षणे, निदान आणि उपचार असे रकाने असतात. पहिले रकाने मराठीत भरले जातात, निदानाच्या रकान्यात इंग्रजी आद्याक्षरे येतात आणि उपचाराच्या रकान्यात औषधाचे नाव व मात्रा इंग्रजीत येते. शेतकऱ्याने सांगितलेले ‘दोन दिवसांपासून रवंथ करीत नाही’ हे वाक्य आणि डॉक्टरने लिहिलेले निदान हे एकाच ओळीत शेजारी बसलेले असतात, आणि त्या ओळीच्या मध्यावर कुठे तरी शेतकरी वाचक म्हणून बाहेर पडतो.

या दप्तरी लेखनाने साधलेले सर्वांत मोठे काम म्हणजे बुळकांडीचे उच्चाटन, आणि त्याची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्यात लसीइतकाच कागदाचा वाटा आहे. मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी १९२०च्या दशकात शेळ्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली; स्वातंत्र्यानंतर १९५४ साली राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि पुढे पेशीसंवर्धनावर वाढवलेल्या अधिक सुरक्षित लशीने त्याला बळ दिले. लसीकरणाने रोग दिसेनासा झाला. परंतु रोग दिसत नाही आणि रोग नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट जगासमोर सिद्ध करण्यासाठी लस थांबवून, गावोगाव शोध घेऊन, काहीही सापडले नाही याची लेखी नोंद ठेवावी लागते. १९९०च्या दशकात युरोपीय समुदायाच्या साह्याने चाललेल्या उच्चाटन प्रकल्पात गावशोध, बाजारांवरील आणि गुरांच्या वाटांवरील तपासणी यांवर भर होता तो यासाठीच. सरकारी मराठीत ज्याला निरंक अहवाल म्हणतात, म्हणजे रकान्यात शून्य लिहून सहीनिशी वर पाठवलेला कागद, तो कंटाळवाणा आणि अर्थशून्य मानण्याची सवय कारकुनांत आणि अधिकाऱ्यांत सारखीच आहे. येथे मात्र तोच पुरावा होता. ज्या पर्यवेक्षकाने सायकलवर वाड्या-तांडे फिरून, गोठा पाहून, गुराख्याला विचारून, मग निरंक लिहिले, त्याचा शून्य हा अस्सल वैद्यकीय निष्कर्ष होता. ज्याने दवाखान्यात बसून लिहिले त्याच्या शून्याला काही किंमत नव्हती. आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसत. देशाला २००६ साली बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त म्हणून मान्यता मिळाली आणि २०११मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, त्या घोषणांच्या पायाशी असे लक्षावधी शून्य आहेत. ते लिहिणाऱ्यांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत, आणि मराठवाड्याच्या इतिहासलेखनाने त्यांची दखल अजून घेतलेली नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

शेतकऱ्याला वाचक मानून लिहिण्याचे काम या भागात खऱ्या अर्थाने सुरू झाले ते परभणीला १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि त्याच सुमारास तेथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून. ते दुष्काळाचे वर्ष होते. दावणी सुटत होत्या, जनावरे छावण्यांत येत होती आणि चारा, पाणी, लसीकरण यांविषयी सोप्या मराठीत सांगण्याची निकड कुणाला पटवून द्यावी लागत नव्हती. विद्यापीठाचे ‘शेतीभाती’ हे मासिक, पुण्याहून १९७०पासून निघणारा ‘बळीराजा’, १९८७ साली उदगीरला सुरू झालेल्या महाविद्यालयातील अध्यापकांचे लेख, आणि २००५पासून ‘ॲग्रोवन’ हे केवळ शेतीला वाहिलेले दैनिक, या मार्गाने पशुवैद्यकाचे मराठी गद्य घडले. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर परभणी आणि उदगीर ही दोन्ही महाविद्यालये त्याच्याकडे गेली. देवणी गाईच्या वानेरा, बालंक्या आणि शेवरा या तीन रंगप्रकारांची, किंवा कंधार, मुखेड, लोहा भागातील लाल कंधारीच्या गडद तांबड्या रंगाची शास्त्रीय वर्णने याच अध्यापकांच्या अभ्यासातून नीट मांडली गेली, आणि पूर्वी बाजारातल्या हेड्याच्या तोंडी असलेली पारख कागदावर आली.

या गद्याची ताकद आणि मर्यादा एकाच उदाहरणात दाखवता येते. मराठवाड्यात ज्वारी कापल्यानंतर पाऊस पडला, किंवा पेरणीनंतर ताण बसून पीक खुरटले, की कोवळ्या फुटव्यांत असे द्रव्य साठते ज्यातून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. ते रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही, जनावर धापा टाकते, आचके देते आणि काही मिनिटांत कोसळते. शेतकरी याला किराळ लागणे म्हणतात. चांगला मराठी लेख येथे शेतकऱ्याचा शब्द प्रथम घेतो, कोणत्या अवस्थेतील ज्वारी धोक्याची हे सांगतो, फुलोऱ्यापूर्वी जनावर शेतात सोडू नये हे बजावतो आणि कापलेली वैरण वाळवल्याने धोका का कमी होतो हे समजावतो; एवढे वाचूनच जनावर वाचू शकते, कारण प्रतिबंध पूर्णपणे शेतकऱ्याच्या हातात आहे. वाईट लेख ‘सायनाइड विषबाधा’ असा मथळा देऊन पाठ्यपुस्तकातील इंग्रजी परिच्छेदाचे विभक्तिप्रत्यय बदलतो आणि शेवटी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा असे लिहून मोकळा होतो, जेव्हा पशुवैद्य वीस किलोमीटरवर असतो आणि वेळ मिनिटांचा असतो. या दोन लेखांतील अंतर ज्ञानाचे नाही, दोघांनाही सोडियम थायोसल्फेटची मात्रा ठाऊक असते. अंतर आहे ते लेखनासाठी दिलेल्या वेळेचे आणि वाचकाविषयीच्या आस्थेचे. दिवसभर शस्त्रक्रिया, लसीकरण आणि शवविच्छेदन करून रात्री लेख लिहिणाऱ्या अध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी मराठीची जी सेवा केली ती मोठी आहे, पण तिच्यावर भाषेचा संपूर्ण भार टाकणे अन्यायाचे होते. मराठी विश्वकोशासारख्या उपक्रमाने पशुवैद्यकाच्या नोंदींना संपादक, परिभाषा आणि वेळ या तिन्ही गोष्टी दिल्या, आणि त्या नोंदी आजही वाचनीय आहेत याचे कारण तेच आहे.

पूर्णवेळ लेखकाचा पगार ज्या उद्योगातून येतो त्या औषधउद्योगात लेखनाला दुसरेच वळण लागले. तेथील प्रत्येक वाक्य कायद्याला उत्तरदायी असते. १९४५च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार जनावरांच्या औषधावर ते माणसांसाठी नसून केवळ जनावरांच्या उपचारासाठी आहे असा मजकूर आणि पाळीव जनावराच्या मस्तकाचे चिन्ह छापावे लागते. युरोप, जपान आणि अमेरिका यांनी १९९६ साली सुरू केलेल्या सुसूत्रीकरणानंतर चाचण्यांच्या आराखड्यांची आणि अहवालांची जगभरची घडणही बरीचशी एकसारखी झाली. अशा मजकुराचे बळ आणि दुबळेपण दोन्ही डायक्लोफिनॅकच्या प्रकरणात दिसले. या वेदनाशामकाने उपचार केलेल्या आणि नंतर मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवल्यावर २००६मध्ये भारताने त्याचे पशुवैद्यकीय उत्पादन बंद केले. पण माणसांसाठीची मोठी बाटली दुकानात मिळतच राहिली आणि तिच्यावर काय छापले आहे याला न जुमानता ती गुरांना टोचली जाऊ लागली. अखेर २०१५ साली माणसांसाठीचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकमात्रा बाटलीतच विकण्याचे बंधन घालावे लागले. छापील शब्दाने जे साधले नाही ते बाटलीच्या आकाराने साधावे लागले, याचे एक कारण असे की तो शब्द ज्याने वाचायचा होता त्याच्या भाषेत नव्हता.

२०२२ साली लंपी त्वचारोग महाराष्ट्रभर पसरला तेव्हा दूध पिण्याने हा रोग माणसांना होतो अशी अफवा लसीच्या आधी गावोगाव पोचली, आणि पशुसंवर्धन खात्याला, विद्यापीठाला व वृत्तपत्रांना घाईघाईने मराठीत खुलासे लिहावे लागले. ते बहुतेक स्वच्छ आणि नेमके होते. माश्या, गोचीड आणि डास यांचा बंदोबस्त, आजारी जनावर वेगळे बांधणे, शेळ्यांच्या देवीची लस कोणाला आणि केव्हा, असे सारे त्यांत होते. साथीच्या दिवसांत सगळी यंत्रणा लेखक होते आणि साथ ओसरली की ते काम पुन्हा कुणाच्याच पदाच्या कर्तव्यसूचीत उरत नाही.

रोजच्या व्यवहारातला याहून महत्त्वाचा मजकूर मात्र बाटलीवर आहे. दुभत्या जनावराला प्रतिजैविक दिल्यानंतर किती काळ त्याचे दूध माणसांनी वापरू नये, या मुदतीचा उल्लेख वेष्टनावर करणे २०१२च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले, आणि औषधासाठी अशी मुदत ठरलेली नसेल तर दुधासाठी व अंड्यांसाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरावेत असे नियमात आले. परवान्याच्या कागदपत्रांतील हे एक वाक्य सिद्ध करण्यासाठी दुधातील अवशेषांच्या चाचण्या होतात, आकडे तपासले जातात आणि पूर्णवेळ लेखक त्या वाक्याचे अनेक मसुदे करतो. मग ते बारीक इंग्रजी अक्षरांत छापले जाते आणि हदगाव, तामसा, निवघा येथील औषधदुकानांतून गोठ्यात जाते, जिथे त्याच संध्याकाळी धार काढायची असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलन केंद्रावर घालायचे असते.